आसनाची पुनःस्थापना

जुळलेली वस्तु सुटी करणें आणि सुटी केलेली वस्तु पुन्हां जुळविणें हीं दोन्ही कामें एकाच वस्तूवर होत असलीं तरी त्यांस लागणारी बुद्धि एक नव्हे. घरांतील सात वर्षांचें पोर गजराचें घड्याळ अर्ध्या घटकेंत उकलून ठेवतें. तें पुन्हां टिकटिक करूं लागेपर्यंत वडील मंडळींच्या घड्याळजीकडे दोन खेपा होतात. आम्हीं आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें. संधि सोडवा, समासाचा विग्रह करा, असें म्हटलें कीं वर्गांतील निम्मीं मुलें हात वर करीत. पण तींच सुटीं पदें घेऊन एक शुद्ध वाक्य रचा, असें म्हटलें कीं हात खालीं येत. उकलतांना समोर दिसेल तेवढेंच पाहिलें तरी भागतें. जुळवितांना मात्र प्रत्येक अवयव कशासाठीं आहे हें ठाऊक असावें लागतें.

हा विचार आमच्या मनांत पक्का होण्यास निमित्त झालें तें एका मोटारगाडीचें पुढील आसन, म्हणजे विजेच्या बटणानें मागेंपुढें सरकणारी आणि वरखालीं होणारी सीट. शाळामास्तरानें यंत्राच्या गोष्टी सांगूं लागावें याचें कोणास नवल वाटेल. परंतु ज्या घराच्या दारांत पूर्वीं गाय बांधलेली असे त्या घराच्या दारांत आज गाडी उभी असते. आणि गाईची धार, चारा, आजार यांची माहिती जशी सर्व घरास असे, तशी गाडीची चार गोष्टींपुरती तरी माहिती घरांतील जाणत्या माणसांस असावी, असें आम्हांस वाटतें.

१९२९ सालीं सांगलीस कृष्णेवर बांधून झालेला आयर्विन पूल हा आमच्या भागांत पुराचा मापदंड होय. त्या पुलापाशीं पाणी ४५ फुटांवर गेलें म्हणजे धोक्याची पातळी ओलांडली असें समजतात. २०१९ च्या ऑगस्टांत तें ५७ फुटांच्याहि वर गेलें. सांगलीच्या बाजारपेठेंत नावा फिरल्या. आणि त्याच आठवड्यांत त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस, जत, आटपाडी आणि आमचें कवठे महांकाळ या बाजूस, आभाळ नुसतें भरून येई आणि वारा तें पुढें ढकलून नेई. पश्चिमेकडील माणूस पाण्यांतून बाहेर कसें पडावें या विवंचनेंत, आणि पूर्वेकडील माणूस पाण्याचा टँकर केव्हां येतो या विवंचनेंत, असा तो विलक्षण पंधरवडा होता.

आमचे धाकटे बंधु सांगलीस राहतात. घरचीं माणसें वेळेवर बाहेर पडलीं. गाडी गल्लीच्या उंच टोकास नेऊन ठेविली होती. तरी पाणी तेथेंहि पोहोंचलें. सुदैवानें तें गाडीच्या तळावर चार बोटेंच चढलें. इंजिन वांचलें, बैठकीच्या गाद्या वांचल्या. मात्र पायांखालचा जाड गालिचा, त्याखालचा नमदा आणि सीटखालून जाणाऱ्या तारा चिखलाच्या पाण्यांत भिजल्या. रस्ते मोकळे होतांच माणसें एस. टी. नें आणि गाडी मालट्रकवर चढवून, अशीं दोन्ही आमच्या वाड्यांत आलीं. पाण्यांत उभी राहिलेली गाडी किल्ली फिरवून चालते का हें पाहूं नये, एवढें ज्ञान चिरंजीव पुतण्यास होतें, हें चांगलें झालें. दुष्काळी मुलखाचा एक गुण असा कीं तेथें ओलें वाळण्यास वेळ लागत नाहीं. गालिचा काढावयाचा तर त्यावर रोंवलेल्या दोन्ही सीटा काढणें भाग होतें. गांवांतील गॅरेजमधील एक मिस्त्री आला आणि सकाळच्या दोन तासांत दोन्ही सीटा अंगणांत आल्या. गालिचा गच्चीवर उन्हांत पडला. सीटा मात्र ओसरीच्या सावलींत ठेविल्या, कारण त्यांच्या पोटांत काय असतें हें आम्ही पुढें सांगणारच आहों.

त्या दोन सीटांपैकीं डाव्या सीटेचें महत्त्व आमच्या घरीं विशेष. आमच्या थोरल्या वहिनी त्या वेळीं चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांचे गुडघे फार वर्षांपासून धरलेले. मागच्या सीटवर त्यांस वांकून शिरतां येत नाहीं. पुढील डावी सीट मात्र बटण दाबून पूर्ण मागें न्यावी, कमरेच्या उंचीस आणावी, म्हणजे त्या आधीं टेकतात, मग अंग वळवून एकेक पाय आंत घेतात आणि मग सीट हळूहळू पुढें येते. बटण दाबण्याचा मान नातवाचा. आजीचें विमान निघालें म्हणून तो ओरडतो. श्रावण सरण्यापूर्वीं मिरजेस त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली होती. तेव्हां ती सीट पुन्हां जागेवर बसणें ही केवळ सोयीची गोष्ट नव्हती.

या सीटेखालीं विजेच्या तीन लहान मोटरी असतात. एक सीट रुळांवरून मागेंपुढें नेते, दुसरी ती उचलते आणि तिसरी पाठ कलती करते. तिन्ही १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. मोटर स्वतः फार वेगानें फिरते. पण तिच्या टोकास मळसूत्राचे आटे असलेला दांडा असून तो एका दांतेरी चक्रास सावकाश फिरवितो. वेग कमी होतो आणि जोर वाढतो. म्हणून मुठीएवढी मोटर धडधाकट माणसास सहज उचलते. या जोडींत आणखी एक मौज आहे. मळसूत्र चक्रास फिरवितें, परंतु चक्र उलट मळसूत्रास फिरवूं शकत नाहीं. त्यामुळें बटणावरचें बोट काढतांच सीट जेथल्या तेथें घट्ट राहते. गचका बसला तरी आपण होऊन सरकत नाहीं. डावा आणि उजवा असे दोन रूळ असतात आणि एकाच मोटरचें फिरणें मधल्या दांडीनें दोहोंकडे पोहोंचतें. सुटी सीट हाताळतांना ही दांडी निसटली, तर एक रूळ पुढें आणि दुसरा मागें राहून सीट तिरकी होते व घासूं लागते. एका जोखडाखालीं दोन बैल निरनिराळ्या चालीनें चालले तर गाडीची जी गत तीच.

येथवर ती नुसती सुखासनाची गोष्ट झाली. अमेरिकेंत अशा विजेच्या सीटा श्रीमंतांच्या गाड्यांत येऊं लागल्या, तेव्हां त्यांत सुखापलीकडे दुसरा हेतु नव्हता. परंतु १९५९ मध्यें स्वीडनमधील नील्स बोलिन या अभियंत्यानें खांदा आणि कंबर एकदम धरणारा तीन टोकांचा पट्टा गाडींत आणिला. आणि १९९४ च्या सुमारास त्याच देशाच्या गाड्यांत सीटच्या पाठीच्या कडेला घडी करून ठेविलेली हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, आली. बाजूनें धडक बसली तर सेकंदाच्या एक-दोन शतांशांत ती फुगते आणि बरगड्या व दरवाजा यांच्यामध्यें उशीसारखी उभी राहते. पापणी लवण्यास यापेक्षां पुष्कळ अधिक वेळ लागतो. आपल्या देशांत १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारगाड्यांस चालकासमोरची एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२१ सालीं शेजारच्या प्रवाशासमोरचीहि झाली. कुशींतील पिशवीची सक्ती त्या नियमांत नव्हती. बंधूंच्या गाडींत ती होती.

म्हणजे आजची पुढची सीट ही केवळ खुर्ची राहिलेली नाहीं. पट्ट्याचें कुलूप तिला जोडलेलें, कुशींतील पिशवी तिच्या पाठींत, माणूस बसला आहे कीं नाहीं हें सांगणारी पट्टी तिच्या गादीखालीं. बसणाऱ्यास ती आसन वाटते. प्रत्यक्षांत ती त्याची अंगरक्षक असते. ही पिशवी फुगविणारें द्रव्य स्फोटक जातीचें असल्यामुळें तिला ऊन, आपटणें आणि भलत्या ठिकाणची वीज वर्ज्य. सीटा आम्हीं सावलींत कां ठेविल्या तें आतां वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. पाणी पिशवीपर्यंत चढलें असतें, तर ती सीट वाळवून पुन्हां वापरण्याचा विचारहि करतां आला नसता. ती बदलावीच लागली असती.

सीट काढण्याचा क्रम सोपा आहे. आधीं ती बटणानें पूर्ण पुढें घेऊन मागचे दोन बोल्ट काढावयाचे, मग पूर्ण मागें नेऊन पुढचे दोन काढावयाचे. कारण सीट एकदां निर्जीव झाली कीं ती सरकविणार कोण? नंतर बॅटरीची ऋण तार सोडावयाची आणि कांहीं मिनिटें स्वस्थ बसावयाचें. हें स्वस्थ बसणेंच उतावळ्या मिस्त्रीस जड जातें. एअरबॅगच्या यंत्रांत थोडी वीज सांठवून ठेविलेली असते, ती अपघातांत बॅटरी तुटली तरी पिशवी फुगावी म्हणून. ती ओसरण्यास किती मिनिटें द्यावीं हें प्रत्येक गाडीच्या पुस्तकांत लिहिलेलें असतें. मग सीट कलती करून तिच्याखालचे तारांचे कपलर सोडावयाचे. त्यांतील पिवळ्या वेष्टनाचा कपलर एअरबॅगचा, हें कोणत्याहि गाडींत बहुधा सारखें. त्या पिवळ्या तारांस साधा परीक्षा-दिवा किंवा मीटर लावून पाहूं नये. त्या एवढ्याशा विजेनेंहि पिशवी तोंडावर फुटण्याचा धोका असतो.

आम्हीं पुतण्यास वही घेऊन मिस्त्रीजवळ बसविलें. कोणता बोल्ट कोठून निघाला, कोणती तार कोणत्या बाजूनें गेली होती, हें त्यानें आंकडे घालून लिहिलें. तो म्हणाला, "काका, पुस्तकांत एकच ओळ आहे. बसवितांना हाच क्रम उलटा करावा."

आम्ही म्हटलें, "उलटा कर, पण तेवढ्यानें भागेल असें समजूं नकोस."

काढण्याचा क्रम उलटा वाचला म्हणजे बसविण्याची रीति हातीं आली, असें मानणें हाच या सर्व कामांतील मोठा भ्रम आहे. बोल्ट काढतांना तो किती घट्ट होता हें कोणी विचारीत नाहीं. बसवितांना तेंच विचारावें लागतें. या गाडीच्या पुस्तकांत त्याचें माप ४० न्यूटन-मीटर असें होतें. म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकास सुमारें चार किलोंचें वजन टांगलें असतां जो पीळ बसेल तो. याहून कमी पीळ दिला तर धक्क्याधक्क्यानें बोल्ट सुटतो. फार अधिक दिला तर त्याचे आटे ताणून आंतल्या आंत अशक्त होतात. हें मनगटाच्या अंदाजानें कळत नाहीं, त्यासाठीं टॉर्क पाना असतो. काढतांना चार बोल्ट एकामागून एक पूर्ण सोडले तरी चालतें. बसवितांना तसें करून चालत नाहीं. आधीं सर्व बोल्ट हातानें दोन-दोन आटे धरवावे, सीट जागेवर नीट बसली हें पाहावें, मगच थोडेथोडे करून समोरासमोरचे आंवळावे. पहिलाच पुरा आंवळला तर चौथ्याचें भोंक समोर येत नाहीं. मग तो तिरका शिरतो, आटे खातो आणि घट्ट झाल्याचा खोटा भास देतो. काढतांना तारा आपोआप मोकळ्या होतात. बसवितांना त्या रुळाखालीं चिमटणार तर नाहींत, सीट पुढें गेली म्हणजे ताणणार तर नाहींत, हें डोकावून पाहावें लागतें.

आणि सर्वांत नाजुक भाग विजेचा. सीट हलविल्याशिवाय मागचे बोल्ट बसविण्यास जागा होत नाहीं. वीज दिल्याशिवाय सीट हलत नाहीं. आणि सर्व कपलर जोडल्याशिवाय वीज द्यावयाची नाहीं, कारण पिवळा कपलर सुटा असतां किल्ली फिरविली तर यंत्र दोषाची नोंद करून ठेवतें. म्हणून आधीं सर्व तारा जोडाव्या, पुढचे बोल्ट हातानें धरवावे, गाडींत कोणी नसतां बॅटरी जोडावी, मग सीटेस हाताचा आधार ठेवून ती सावकाश पुढें घ्यावी आणि मागचे बोल्ट धरवावे. काढण्याच्या क्रमांत नसलेलीं अशीं किती तरी पदें बसविण्याच्या क्रमांत येतात!

मिस्त्री हातचा कुशल होता. चौथ्या दिवशीं गालिचा हाडासारखा कोरडा झाला. दुपारपर्यंत दोन्ही सीटा जागेवर गेल्या. बटण दाबतांच डावी सीट पूर्वींप्रमाणें उठली आणि सरकली. मुलांनीं टाळ्या पिटल्या. परंतु समोरच्या तक्त्यावरील एअरबॅगचा तांबडा दिवा विझेना. किल्ली फिरवितांच हा दिवा कांहीं क्षण लागून विझावा, अशी रीत आहे. तो लागूनच राहिला तर यंत्र आपण होऊन सांगत असतें कीं, वेळ आली तर माझ्यावर भरंवसा ठेवूं नका.

"काका, दिवा लागला म्हणून गाडी थोडीच अडते?" पुतण्या म्हणाला. मिस्त्रीनें त्याहून सोपा उपाय सुचविला : पिवळ्या कपलरांत एक बारीकसा रोधक बसवावा, म्हणजे यंत्रास पिशवी जागेवर आहे असें वाटतें आणि दिवा विझतो. शंभर रुपयांचेंहि काम नाहीं. त्याच्या मनांत कपट नव्हतें; गिऱ्हाइकास दिव्याचा त्रास होतो, तो नाहींसा करावा, एवढेंच त्यास ठाऊक. परंतु आमचा जन्म उत्तरपत्रिका तपासण्यांत गेला. विद्यार्थ्याचा कागद कोरा असतां गुणपत्रकावर पस्तीस लिहिले, तर बाप सुखावेल, पण मुलगा पास झाला असें होत नाहीं. दिवा हा दोष नव्हे. दिवा ही दोषाची वार्ता आहे. वार्ता आणणाऱ्या दूताचें तोंड बंद केल्यानें शत्रु परततो असें कोणत्या नीतिशास्त्रांत सांगितलें आहे?

शस्त्रक्रियेचा दिवस गुरुवारीं होता आणि ही गोष्ट मंगळवारची. एअरबॅगच्या यंत्राची भाषा वाचणारा स्कॅनर घेऊन मिरजेहून माणूस येण्यास शनिवार उजाडणार होता. बंधूंचें म्हणणें असें कीं, चाळीस किलोमीटरांच्या आंतला रस्ता, दिवसाउजेडीं, सावकाश जावयाचें. एवढ्यासाठीं डॉक्टरांची तारीख कां सोडावी? त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. आपण सर्वजण अशा हिशेबावरच रोज बाहेर पडतों, आणि बहुतेक वेळीं सुखरूप परत येतों. शेवटीं निर्णय वहिनींनीं दिला. त्या ओटीवर वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, इतके दिवस धुरकट पाहिलें, आणखी आठ दिवसांनीं कांहीं बिघडत नाहीं. मला माझी भीति नाहीं हो. पण गाडी हा पोर चालविणार आणि मी शेजारीं. कांहीं कमीजास्त झालें तर मी सुटेन; त्याच्या जिवाला मात्र तें जन्मभर लागून राहील." यानंतर कोणी बोललें नाहीं. डॉक्टरांस दूरध्वनि केला. त्यांनीं पुढील बुधवार दिला.

शनिवारीं तो गृहस्थ आला. यंत्रानें डाव्या कुशींतील पिशवीच्या तारेंत विजेस अडथळा अधिक होत असल्याची नोंद दाखविली. पिवळा कपलर सोडून पाहिला तों आंतील बारीक पितळी टांचणीवर हिरवट किटण चढलेलें. पुराचें पाणी वाळलें, पण जातां जातां आपली सही ठेवून गेलें. घासून तेवढ्यापुरतें चालविणें त्यानें नाकारलें. कपलरचीं दोन्ही टोकें नवीं घातलीं, मधल्या उंचवट्यावरील एअरबॅगची मुख्य पेटी कोरडी असल्याची खात्री केली, नोंद पुसली आणि किल्ली फिरविली. दिवा लागला, क्षणभर थांबला आणि विझला.

येथें गोष्ट संपली असती. परंतु तो मनुष्य आपल्या कामाचा भक्त होता. टॉर्क पाना आणिला आहे तर चारहि बोल्ट पाहून घेतों, असें म्हणून तो सीटेखालीं वांकला. तीन बोल्टांवर पाना टक् असा वाजला. चौथा, म्हणजे मागच्या बाजूचा आंतला, ज्यावर प्लास्टिकचें टोपण बसतें आणि जेथें हात नीट पोहोंचत नाहीं, तो अडीच फेरे फिरला, तेव्हां कोठें पाना वाजला. तो हातानें धरविला होता आणि तसाच राहून गेला होता. वर टोपण बसल्यामुळें बाहेरून कांहींच दिसत नव्हतें. बटण चालत होतें, सीट सरकत होती, मुलांनीं टाळ्याहि पिटल्या होत्या. पिवळ्या तारेचा दोष सांगण्यास दिवा होता. या बोल्टास दिवा नव्हता. दिवा विझवून घेऊन आम्ही मंगळवारीं संतुष्ट झालों असतों, तर तो बोल्ट कोणाच्या दृष्टीस पडला असता?

याच जिल्ह्यांत १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आपला कारखाना आणिला. त्यांचा लोखंडी नांगर शेतकऱ्यानें विश्वासानें हातीं धरण्यास कांहीं वर्षें जावीं लागलीं. पण नांगराची परीक्षा सोपी होती. फाळाचा बोल्ट ढिला झाला तर पुढच्याच तासांत नांगर डुगडुगे, बैल अडखळत आणि शेतकरी थांबून पाना काढी. दोष आणि त्याचें फळ यांत चार पावलांचें अंतर. सीटेच्या बोल्टाचें तसें नाहीं. तो ढिला असला तरी पांच वर्षें कांहीं होणार नाहीं. आणि ज्या दिवशीं होईल त्या दिवशीं पाना काढण्यास सवड मिळणार नाहीं. यंत्रें जसजशीं सुखाचीं होत आहेत, तसतसें दोष आणि फळ यांतील अंतर वाढत चाललें आहे. म्हणून पूर्वीं जें काम डुगडुगणारा नांगर करी, तें आतां माणसाच्या शिस्तीस करावें लागतें.

ही शिस्त आपल्या परंपरेस अपरिचित नाहीं. वेद मुखोद्गत करणारांनीं संहितेवर संतोष मानिला नाहीं. शाकल्यानें ऋग्वेदाचीं पदें सुटीं केलीं, तो पदपाठ. पण पदें सुटीं केलीं कीं तीं पुन्हां जुळवितांना चुकण्याचें भय. म्हणून क्रमपाठ आला. त्यांत पहिलें पद दुसऱ्याशीं, दुसरें तिसऱ्याशीं, तिसरें चौथ्याशीं असें जोडून म्हणतात. प्रत्येक पद दोनदां येतें. एकदां मागच्याचा हात धरून, एकदां पुढच्याचा. मधलें एखादें गळलें तर जोडी जुळत नाहीं आणि चूक तेथल्या तेथें सांपडते. लेखणीची मदत न घेतां एवढें मोठें वाङ्मय शतकानुशतकें बिनचूक राहिलें तें स्मरणशक्तीच्या बळावर जितकें, तितकेंच या तपासणीच्या बळावर. आम्हीं पुतण्याकडून वहींत बसविण्याचा क्रम अशाच रीतीनें पुन्हां लिहून घेतला : तारा जोडल्या, पुढचे बोल्ट धरविले, पुढचे बोल्ट धरविले, बॅटरी जोडली, बॅटरी जोडली, सीट पुढें घेतली, सीट पुढें घेतली, मागचे बोल्ट धरविले, मागचे बोल्ट धरविले, चारहि मापानें आंवळले, चारहि मापानें आंवळले, टोपण बसविलें. या पाठांत "मापानें आंवळले" हें पद गाळून टोपणापर्यंत जातांच येत नाहीं.

वाचकांच्या घरीं पूर न येवो. परंतु सीट काढण्याचे प्रसंग पुराशिवायहि येतात. उंदीर तारा कुरतडतात, मुलांचें दूध सांडून गालिचा आंबतो, कोणास चामड्याची गवसणी शिवून हवी असते. अशा वेळीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर कुशीवरून घट्ट शिवलेली गवसणी घालूं नये. पिशवीस बाहेर येण्याची वाट हवी. काम करणारास बोल्टाचें माप काय, हा प्रश्न विनयानें विचारावा. ज्यास उत्तर ठाऊक आहे त्यास त्या प्रश्नाचा राग येत नाहीं. काम झाल्यावर गाडी घेण्यापूर्वीं किल्ली फिरवून दिवा लागून विझतो हें स्वतः पाहावें. मुळींच लागत नसेल तर तोहि विझलेलाच आहे असें समजूं नये. आणि टोपणें बसविण्यापूर्वीं चारहि बोल्टांवर पाना वाजलेला कानांनीं ऐकावा.

वहिनींची शस्त्रक्रिया त्या बुधवारीं झाली. परत येतांना डोळ्यावर हिरवी पट्टी होती, तरी त्यांनीं पट्ट्याचें कुलूप चांचपून स्वतः लाविलें. पुतण्याची ती वही गाडीच्या पुढच्या खणांत असते. पुढें दोन वर्षांनीं, २०२१ च्या जुलैंत, सांगलीस पुन्हां पाणी आलें. त्या वेळीं बंधूंनीं गाडी एक दिवस आधींच आमच्या वाड्यांत आणून उभी केली. त्यामुळें वही उघडण्याचें कारण पडलें नाहीं. शेजारच्या एका घरीं मात्र ती तीनदां नकलून नेली आहे.